छत्तीस गुणांचं बाळ

कवटी दोन्ही हातांनी उचला. घाबरायचं कारण नाही, वाळलेल्या भोपळ्यासारखी हलकी असते. साल १९२९, हिवाळा, गाव बर्लिन. डाहलेम नावाच्या उपनगरात ईनेस्ट्रासे म्हणून एक रस्ता आहे आणि त्यावरच्या नव्याकोऱ्या इमारतीत तुम्ही उभे आहात. संस्थेचं नाव वाचायलाच दम लागतो : कैसर विल्हेल्म मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र संस्था. उघडून जेमतेम दोन वर्षं झाली आहेत.

टेबलापाशी बसलेली तरुणी मराठी आहे. ब्रह्मदेशात जन्मली म्हणून तिथल्या नदीचं नाव मिळालं, इरावती. पुण्याच्या कर्व्यांची सून. महर्षी कर्व्यांना सुनेचं हे परदेशी जाणं पसंत नव्हतं. नवऱ्यानं, दिनकररावांनी, तिची बाजू घेतली आणि ती आली. वय तेवीस. ती मोजते, आकडा उच्चारते. तुम्ही वहीत उतरवता. उजवी बाजू, डावी बाजू, फरक. पुढची कवटी.

हे काम तिला संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर यांनी दिलं आहे. माणूस नामांकित. १९०८ मध्ये नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत जाऊन मिश्रवंशीय कुटुंबांचा अभ्यास करून आला, त्यावर नाव कमावलं. त्याचा कयास असा, की गोऱ्या युरोपियनांची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते; उजवीकडचा पुढचा भाग मोठा असतो, आणि त्यांची तर्कबुद्धी सरस असण्याचं कारण तिथे आहे. इरावतीबाईंनी फक्त पुरावा जमवायचा. उत्तर आधी ठरलेलं, गणित मागून.

एकशे एकोणपन्नास कवट्या होतात. तुम्ही बेरजा पुन्हा तपासता, कारण गुरूंना हवं ते उत्तर येत नाही. वंश आणि कवटीची असमानता यांचा काही संबंध दिसत नाही. आता ही परक्या देशातली, उसन्या पैशांवर शिकणारी मुलगी काय करील? दोन-चार आकडे इकडे-तिकडे झाले तर कोणाला कळणार आहे? तुम्ही तिच्याकडे बघत राहता. ती आलं तेच लिहिते. फिशर पदवी देतात, पण देता येईल तेवढी खालची श्रेणी देऊन.

त्या इमारतीचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण तिथे फार वेळ थांबवत नाही. जुलै १९३३ मध्ये जर्मनीत सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला आणि त्याखाली सुमारे चार लाख माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. युद्धकाळात आउश्वित्झच्या छळछावणीतून तिथला नाझी डॉक्टर मेंगेले यानं माणसांच्या शरीराचे अवशेष ‘अभ्यासासाठी’ याच संस्थेकडे पाठवले. २०१४ मध्ये शेजारी खोदकाम करताना हाडं सापडली. मोजल्यावर सुमारे सोळा हजार तुकडे निघाले. मार्च २०२३ मध्ये त्यांचं दफन झालं. त्या इमारतीत आज राज्यशास्त्र शिकवतात.

ही सगळी जर्मनांची विकृती होती असं म्हणून मोकळं व्हायची घाई मात्र करू नका. ‘युजेनिक्स’, म्हणजे सुप्रजननशास्त्र, हा शब्द १८८३ मध्ये घडवला तो इंग्लंडच्या फ्रान्सिस गॉल्टननं. आणि इरावतीबाई बर्लिनला पोचायच्या आधीच, १९२७ साली, आपल्या ना. सी. फडक्यांनी भारतात सुप्रजननाची चळवळ व्हावी म्हणून इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलं होतं. त्याला प्रस्तावना होती अमेरिकेतल्या संततिनियमनाच्या कार्यकर्त्या मार्गारेट सँगर यांची. लैंगिक शिक्षण, संततिनियमन, बायकांचं आरोग्य असं पुष्कळ चांगलं त्याच शब्दाचं बोट धरून आलं, म्हणून तर तो शब्द सभ्य माणसांच्या दिवाणखान्यात बसू शकला. इथे त्याचा उपयोग जातीच्या समर्थनासाठीही होऊ लागला : जात म्हणजे रक्तशुद्धीची शास्त्रीय व्यवस्था. १९३६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हा युक्तिवाद विज्ञानाच्याच अंगानं मोडून काढला. इतकी शतकं जर तुम्ही उत्तम पैदास करत होता, तर सैन्यभरतीला लायक माणसं एवढी कमी कशी, हा त्यांच्या मुद्द्याचा रोख.

चला, जत्रेला. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात टोपेका गावी १९२० पासून शेतकी जत्रेत एक नवी स्पर्धा सुरू झाली आहे. गायींची निवड होते, डुकरांची होते, मग माणसांची का नको? ‘सुदृढ कुटुंब’ स्पर्धा. तुम्ही बायको-पोरांसकट रांगेत आहात. दात बघतात, रक्त तपासतात, लघवी तपासतात, आजा-पणजा कशानं वारले ते विचारतात, बुद्धीची परीक्षा घेतात. गुण चांगले पडले तर कांस्यपदक. खोटं कशाला बोला, पदक मिळालं तर तुम्हाला आनंदच होईल. कोणाला होणार नाही?

त्याच देशात, व्हर्जिनिया राज्यात, पदकाची दुसरी बाजू बघायला मिळते. कॅरी बक नावाची मुलगी. तिला सांभाळणाऱ्या कुटुंबाच्या एका नातेवाइकानं तिच्यावर बळजबरी केली, दिवस गेले, आणि घराची अब्रू राखायला तिलाच ‘मंदबुद्धी’ ठरवून संस्थेत टाकलं. आई आधीपासून तिथेच. कॅरीची तान्ही मुलगी व्हिव्हियन. तिच्याकडे बघून एका समाजसेविकेनं साक्ष दिली, की हे मूल काही नीटसं वाटत नाही. वय किती? महिन्यांत मोजण्याइतकं. तुम्ही कोर्टात मागच्या बाकावर बसला आहात. २ मे १९२७ रोजी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतानं सांगितलं, की राज्याला हिची नसबंदी करता येईल. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होम्स हे काही खलनायक नव्हते, भाषणस्वातंत्र्याचे थोर पुरस्कर्ते म्हणून आजही त्यांचं नाव घेतात. ऑक्टोबरात शस्त्रक्रिया झाली. व्हिव्हियन शाळेत गेली, १९३१ मध्ये तिचं नाव हुशार मुलांच्या यादीत लागलं. पुढच्या वर्षी आजारपणात ती गेली. आठ वर्षांची होती.

आता इथून पुढचा प्रवास तुम्हाला आवडणार नाही, कारण आतापर्यंत तुम्ही बघे होता. मुंबई, १९८६. लोकलमधून उतरून तुम्ही एका दवाखान्याच्या लाकडी बाकावर बसला आहात आणि तुम्ही सासूबाई आहात. शेजारी सून. तिला दोन मुली, आता चौथा महिना संपत आलाय. तुम्ही वाईट नाही हो. कालच तिला डाळिंब सोलून दिलं. पण मुलाला शेत नाही, नोकरी गिरणीतली होती ती संपात गेली, आणि दोन मुलींची लग्नं डोळ्यांसमोर उभी आहेत.

“आई, दुखेल का हो फार?” ती विचारते.

“नाही गं, सुई असते साधी.”

गर्भजल परीक्षा. पोटातून सुई घालून बाळाभोवतीचं पाणी काढायचं आणि त्यातल्या पेशींची गुणसूत्रं बघायची. दहा-बारा वर्षांपूर्वी हे तंत्र देशात आलं ते गर्भातले आनुवंशिक आजार शोधायला. गुणसूत्रं बघताना मुलगा की मुलगी तेही दिसतं, एवढंच. सरकारी रुग्णालयांत लिंगनिदानाला बंदी आली तसा धंदा खासगीत सरकला. आत्ता काही शे रुपये खर्च करा, पुढचे हुंड्याचे लाख वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती लागल्या. दवाखान्यात कोणीही तुम्हाला धरून आणलेलं नाही. शासनाचा हुकूम नाही, वंशशास्त्राचा प्राध्यापक नाही, कवट्या नाहीत. तुम्ही स्वतःच्या पायानं आलात, पदरमोड करून, घराचं भलं व्हावं म्हणून.

अहवाल काही आठवड्यांनी येणार आहे. पेढे की बर्फी, ते तेव्हा कळेल.

बाहेर फुटपाथवर काही बायका पत्रकं वाटत आहेत. त्यांच्या आणि त्यांच्यासारख्या डॉक्टरांच्या, कार्यकर्त्यांच्या रेट्यामुळे १९८८ मध्ये महाराष्ट्रानं देशातला पहिला लिंगनिदानविरोधी कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. पण तोवर सुईची जागा सोनोग्राफीनं घेतली होती : स्वस्त, सोपी, गाडीत घालून गावात नेता येईल अशी. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात ८०७. कायदा होऊन तेवीस वर्षं झाली होती.

सुप्रजननाच्या चर्चेत सोनोग्राफी कशाला आणली, असं कोणी विचारील. मला तर वाटतं, ‘मनासारखं मूल’ या प्रश्नावर जगात ज्यांनी आधीच प्रात्यक्षिक करून पाहिलं आहे, त्यांत आपण पहिल्या रांगेत आहोत. पाश्चात्त्य देशांतल्या परिसंवादांत विचारतात, पालकांना निवडीचं स्वातंत्र्य दिलं तर काय होईल? बीडला जाऊन या म्हणावं.

हाँगकाँग, २८ नोव्हेंबर २०१८. विद्यापीठाचं सभागृह, मानवी जनुकसंपादनावरची आंतरराष्ट्रीय परिषद. तुम्हाला जेमतेम जागा मिळाली आहे. सूत्रसंचालक रॉबिन लोवेल-बॅज श्रोत्यांना बजावतात, की वक्त्याला बोलू द्या, गोंधळ झाला तर सत्र थांबवावं लागेल. मग बाजूच्या दारातून एक तरुण, उघड्या कॉलरचा सदरा घातलेला, हातात बॅग घेऊन येतो आणि कॅमेऱ्यांचा असा कडकडाट होतो, की लाह्या फुटताहेत असं वाटावं. हा हे जियानक्वी, शेन्झेनच्या विद्यापीठातला. तीन दिवसांपूर्वी त्यानं यूट्यूबवर सांगितलं, की क्रिस्परच्या साह्यानं जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्या आहेत. टोपणनावं लुलु आणि नाना. (नाना म्हटल्यावर मराठी माणसाला काळी टोपी घातलेले आजोबा दिसतात. इथे ती तान्ही मुलगी आहे, हे दर वेळी स्वतःला सांगावं लागतं.)

क्रिस्पर म्हणजे नेमक्या जागी डीएनए कापणारी कात्री. यानं कापलं ते सीसीआर-५ नावाचं जनुक. एचआयव्हीला पेशीत शिरायला लागणाऱ्या दारांपैकी एक दार त्या जनुकामुळे तयार होतं. युरोपातल्या थोड्या लोकांत ते जन्मतःच मोडकं असतं आणि त्यांना या विषाणूच्या बहुतेक प्रकारांची लागण सहजी होत नाही. ते मोडकं दार या मुलींना द्यायचा बेत. दिलं का? पडद्यावरचे तक्ते बघा. एका मुलीत जनुकाच्या दोन्ही प्रती बदलल्या, दुसरीत एकच. बदल निसर्गात सापडतो तसा नाहीच, वेगळाच झालाय. आणि ज्यांच्यात हे दार नसतं त्यांना वेस्ट नाइल विषाणूचा त्रास जास्त होऊ शकतो, हे आधीच ठाऊक होतं. निसर्गाच्या घरातलं एखादं दार केवळ चोरासाठी ठेवलेलं नसतं.

प्रश्नोत्तरांत हार्वर्डचे डेव्हिड लिऊ उठतात. मुलींचे वडील एचआयव्हीबाधित, आई नाही. अशा जोडप्यांना शुक्रजंतू धुऊन घेऊन निरोगी बाळ देण्याची रीत आधीपासून आहे. मग या बाळांची न भागलेली वैद्यकीय गरज कोणती होती? तुम्ही उत्तराची वाट बघता. उत्तर लांबतं, वळसे घेतं, गरजेपाशी काही पोचत नाही. ‘अभिमान वाटतो’ एवढं मात्र तो स्पष्ट म्हणतो. संमतिपत्रात या प्रयोगाचं वर्णन एड्सवरील लस विकसित करण्याचा प्रकल्प असं होतं. डिसेंबर २०१९ मध्ये चिनी न्यायालयानं त्याला तीन वर्षांची कैद आणि तीस लाख युआन दंड सुनावला. तोवर आणखी एक मूल जन्मलं होतं.

वैज्ञानिकांनी एकमुखानं निषेध केला, पण मला त्या निषेधात थोडी सोय दिसते. एक बेजबाबदार माणूस सापडला की बाकीचे आपोआप जबाबदार ठरतात. खरा प्रश्न लिऊंनी विचारला तोच : गरज कोणाची?

त्याला एक खणखणीत उत्तर फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात आहे. फेब्रुवारी २०२५. एक तान्हं बाळ, यकृतात एक विकर बनत नाही, म्हणून प्रथिनं पचताना तयार होणारा अमोनिया रक्तात साठतो आणि मेंदू जाळतो. असं आजारी बाळ दहा-तेरा लाखांत एखादं. डॉक्टरांनी केवळ या एका बाळाच्या एका चुकीसाठी सहा महिन्यांत औषध बनवलं. त्यात वापरलेलं ‘बेस एडिटिंग’ लिऊंच्याच प्रयोगशाळेतून आलं होतं. आणि उपचार करणाऱ्यांतले एक किरण मुसुनुरू. २०१८ मध्ये बातमी फुटण्याआधी एका वृत्तसंस्थेनं हे जियानक्वीच्या कामावर मत विचारलं तेव्हा हादरून गेलेले ते हेच. कात्री तीच, हात दुसरे. शिवाय इथे बदल यकृताच्या पेशींत आहे. त्या बाळाच्या मुला-नातवंडांकडे तो जाणार नाही. हाँगकाँगचा बदल जातो. सगळ्या वादात एवढी एक रेघ जरी नीट ओढली तरी निम्मा गोंधळ मिटेल. भारतात २०१७ च्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मार्गदर्शक सूचनांनी ही रेघ ओढली आहे : पुढच्या पिढीत जाईल असं संपादन करायचं नाही.

मेळघाटात, नंदुरबारात, गडचिरोलीत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारानं कळवळणारी पोरं बघितली आहेत अशा माणसासमोर ‘निसर्गात ढवळाढवळ नको’ हे वाक्य मला उच्चारवत नाही. २०२३ मध्ये ब्रिटननं आणि अमेरिकेनं सिकलसेलवर क्रिस्परचा उपचार मंजूर केला. अमेरिकेत किंमत बावीस लाख डॉलर. आपल्याकडे अजून रक्त तपासून कार्ड वाटणं आणि दोन वाहकांनी लग्नाआधी विचार करावा म्हणून समजावणं चालू आहे, पत्रिका जुळवण्याइतक्याच गांभीर्यानं. आणि गंमत बघा : ज्याच्यात सिकलसेलच्या जनुकाची एकच प्रत असते त्याला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं. डासांच्या जंगलात तेच जनुक गुण होतं.

शेवटचा टप्पा माझ्या पदरचा, त्याला पुरावा मागू नका. पुणे, २०६०. दवाखान्यात वातानुकूलित शांतता, समोर डॉक्टर नाही, समुपदेशक आहे. पडद्यावर तुमच्या सहा गर्भांचे गुण : मधुमेहाचा धोका, उंची, रंग, बुद्धी. कोणी सक्ती करत नाही. उलट समुपदेशक म्हणते, “काका, काकू, निर्णय सर्वस्वी तुमचा.” ज्युलियन साव्हुलेस्कू नावाच्या तत्त्वज्ञानं २००१ मध्येच लिहून ठेवलंय, की ज्या मुलाचं आयुष्य सर्वांत चांगलं होण्याची शक्यता आहे ते निवडणं हे पालकांचं कर्तव्य. दुसरे तत्त्वज्ञ मायकेल सँडेल म्हणतात, मूल ही मिळालेली गोष्ट आहे, बनवून घ्यायची नाही. सँडेल मला पटतात. पण शेजारच्या बंगल्यातलं बाळ निवडून आणलेलं आहे हे कळल्यावर किती वेळ पटतील, सांगता येत नाही. तुम्हीही मुलीला आठवीपासून क्लासला घातलं होतंच की.

या गुणांची लायकी किती? आजचं सांगतो. उंचीशी निगडित बारा हजारांहून अधिक जागा डीएनएत सापडल्या आहेत. २०१९ च्या एका अभ्यासात हिशेब केला, की अशा गुणांवरून सर्वांत वरचा गर्भ निवडला तर सरासरीपेक्षा फायदा सुमारे अडीच सेंटिमीटर किंवा बुद्ध्यंकाचे अडीच गुण. बुटाची टाच त्याहून उंच असते. आणि हे गुण बेतले आहेत ते बहुतांशी युरोपीय वंशाच्या माणसांच्या माहितीवर. आपल्यासारख्यांच्या बाबतीत ते आणखी चुकतात. ईनेस्ट्रासेवरच्या टेबलापासून इथवर आल्यावर हे वाचून इरावतीबाईंनी चष्मा पुसला असता, असं मला उगाच वाटतं.

तरी लोक पैसे मोजतील. कारण यादी तयार आहे. ती कोणा हुकूमशहानं केलेली नाही. रविवारच्या पुरवणीत वधू-वरांच्या स्तंभात ती पिढ्यान्‌पिढ्या छापून येते. उंच, गोरी, सुशिक्षित, निर्व्यंगी. पत्रिकेत छत्तीस गुण बघायचे आणि अठरा जुळले तर पुढे जायचं, एवढी तरी ढील त्या काळात होती. पडद्यावरचं यंत्र अठरावर कशाला थांबेल?

परत या. आजचा दिवस, तुमचं घर, चहा गार होत आलाय. भाच्याच्या लग्नाची माहितीपत्रिका बहिणीनं व्हॉट्सअॅपवर पाठवली आहे, “दादा, जरा नजर टाक, मग नाव नोंदवते.” शिक्षण ठीक, पगार ठीक, फोटो बरा आहे. खाली ‘अपेक्षा’ या रकान्यात तिनं सवयीनं तोच शब्द टाकला आहे, तुमच्याही लग्नाच्या वेळी होता तो : निर्व्यंगी. बहिणीला फोन लावा आणि तेवढा शब्द काढायला सांगा.